घर विकून वृद्धनिवासाची अनामत भरावी का?

तुम्ही लिहिलंय की आई ७९ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात आणि दोनदा पडल्या. वृद्धनिवासाने दोन पर्याय दिलेत. पहिल्यात घराच्या किमतीएवढी अनामत आणि वर्षाला तिच्या १२ टक्के शुल्क. दुसऱ्यात अनामत चौथा हिस्सा, पण शुल्क दीडपट. दोन्हींत अनामतीतून पाच वर्षं दरसाल ३ टक्के कपात. भाऊ म्हणतो, घर विकून पूर्ण अनामत भरू, म्हणजे एकदाची कटकट मिटेल.

भावाचं म्हणणं मला पटत नाही, निदान आत्ता तरी. पूर्ण अनामत १०० धरा. दुसऱ्या पर्यायात त्यातले ७५ आईंच्या हातात राहतात. त्यावर कर जाऊन ७ टक्के सुटले तर वर्षाला सव्वापाच, शिवाय कपातीचे सव्वादोन वाचतात. एकूण साडेसात. याउलट जादा शुल्क पहिल्या वर्षी ६. शुल्क दरसाल ८ टक्क्यांनी वाढलं (या वेगाने ते नऊ वर्षांत दुप्पट होतं) तर चौथ्या वर्षी हा जादा भार साडेसातावर जातो. तरी सगळी बेरीज मांडली की पूर्ण अनामत स्वस्त पडते ती सहाव्या वर्षी.

म्हणजे आई याच जागी सहा वर्षं राहतील का, हा खरा प्रश्न. तब्येत ठणठणीत असली तरी याची हमी नाही. स्मृतिभ्रंश वाढला किंवा माणूस अंथरुणाला खिळला की तेवढी शुश्रूषा न देणारी निवासं हात वर करतात. म्हणून मी दुसरा पर्याय घेईन. लहान अनामत आणि पहिल्या वर्षाचं शुल्क आईंच्या ठेवींतून निघतंय, असं तुम्हीच लिहिलंय.

घर सहा महिने तसंच राहू द्या, भाड्यानेही देऊ नका. भाडं बुडेल, बुडू दे. कुणाला पहिल्याच आठवड्यात पत्त्यांचा डाव जमतो, तर कुणी तीन महिने बॅगच उघडत नाही. आई रमल्या तर मग विका आणि पैसे त्यांच्याच नावावर गुंतवा, कारण पुढचं शुल्क त्यातूनच जायचंय. आईंना स्वतःला काय हवंय, हे मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. आधी ते विचारा.

करारात तीन गोष्टी लेखी घ्या. अनामत किती दिवसांत परत मिळणार, आणि त्यासाठी खोलीत नवं माणूस येण्याची अट आहे का? आई इस्पितळात असताना खोलीचे पैसे पूर्ण लागणार की कमी? डायपर, औषधं, रात्रीची मदतनीस शुल्कात धरली आहे का? आरोग्यविम्यावर भिस्त ठेवू नका; तो सहसा उपचाराचा खर्च देतो, रोजच्या सांभाळाचा नाही.

मुखत्यारपत्र करणार असाल तर वकिलाला विचारूनच करा. बऱ्याच ठिकाणी साधं मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की निरुपयोगी ठरतं, आणि तुम्हाला ते नेमकं तेव्हाच लागणार आहे.