चेंडू हातात आला की तिला काही सुचतच नाही

‘सरावात सगळं जमतं, मॅचमध्ये मात्र बावरते. आत्मविश्वास कसा वाढवायचा?’ फोंड्याजवळच्या 14 वर्षांच्या एका बास्केटबॉल खेळाडूच्या आईचा हा प्रश्न. बहुतेक पालक हाच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ लावून देणारी. चेंडू 8 सेकंदांत अर्ध्या मैदानापलीकडे न्यायचा, 24 सेकंदांत शॉट घ्यायचा, हे तिला पाठ होतं. पण कुणी अंगावर आलं की ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेणं, थांबवून ती सर बसतात त्या बाकाकडे बघायची. थांबवलेला ड्रिबल पुन्हा सुरू करता येत नाही. चिकटून अडवलं असेल तर उरतात 5 सेकंद, आणि तेवढ्यात दुसरी येऊन घेरते.

त्या वेळी मनात काय येतं, असं विचारल्यावर म्हणाली, “सर पास म्हणतात, बाबा वरून शूट ओरडतात. चुकलं तर बाहेर काढतील.”

तिच्यात धीर कमी नव्हता. ती बघत होती उशिरा आणि ऐकत होती दोघांचं. अशा मुलीला ‘घाबरू नकोस’ सांगून काय उपयोग?

तिच्या सरांशी बोललो. सरावात ड्रिबल होता तो जमिनीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून, आणि शंकू काही अडवत नाहीत. म्हणून पहिला बदल नजरेचा. पास यायच्या आधी मागे उभ्या मैत्रिणीने बोटं दाखवायची, हिने वळून बघून आकडा सांगायचा, मगच चेंडू घ्यायचा. दुसरा बदल, ही आणि एक मैत्रीण विरुद्ध अडवणारी एकच असा खेळ आणि पर्याय दोनच: अडवणारी माझ्याकडे आली तर पास, मागे सरली तर बास्केटकडे. आधी वेळेचं बंधन नाही. 10 पैकी 7 निर्णय बरोबर येऊ लागले की 4 सेकंद, मग 3. इथे घाई फार नडते. वेळ लवकर कमी केली तर मूल बघायचं सोडून अंदाजाने खेळतं, आणि ती सवय मोडायला जास्त दिवस लागतात. शेवटी धावून दमल्यावर, बाकीच्यांच्या आरडाओरड्यात तेच.

गुण निर्णयाला द्यायचे, बास्केटला नाही. मोकळ्या मुलीला पास दिला आणि तिचा शॉट चुकला, तरी पास बरोबरच.

सरांनी एक कबूल केलं: चेंडू गमावला तरी पुढची दोन आक्रमणं तिला बाहेर काढायचं नाही. आमच्या मते सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला.

बाबांना जड गेलं. त्यांनी टाळ्या वाजवायच्या, सूचना द्यायच्या नाहीत. घरी परतताना मॅचचा विषय तिने काढला तरच. तेव्हाही विचारायचं ते ‘तुला काय दिसलं?’, ‘असं का केलंस?’ नाही.

सहाएक आठवड्यांनी बाकाकडे बघणं बरंच कमी झालं. चेंडू अजून हरवतो, पण आता बहुतेकदा पास देण्याच्या प्रयत्नात.

मॅच नसतानाही झोप उडत असेल, पोट बिघडत असेल किंवा मूल मैदानावर जायचंच टाळत असेल, तर मात्र सरावाने सुधारेल याची वाट न बघता मानसतज्ज्ञाला दाखवा.