प्रो आर की टॅलन? हप्त्याआधी कर्जाची मुदत बघा

प्रश्न थोडक्यात असा. ॲरिझोनातल्या चॅन्डलरहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. घरात चौघं, मुलं १२ आणि ८ वर्षांची. मित्रांच्या गाड्यांतून वाळवंटात हिंडून चटक लागली आणि आता स्वतःची चार आसनी साइड-बाय-साइड, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची ऑफ-रोड गाडी, घ्यायची आहे. ताईंचं मन २२५ हॉर्सपॉवरच्या पोलॅरिस आरझेडआर प्रो आर ४ वर बसलंय. मिस्टर म्हणतात, १०४ हॉर्सपॉवरची होंडा टॅलन १०००एक्स-४ घेऊ, निदान घरी परत तरी आणेल. यासाठी बाजूला ठेवलेले १२,००० डॉलर डाउन पेमेंटला जातील. डीलरने दोन कागद दिले. प्रो आर, मागच्या वर्षीची शिल्लक गाडी, सगळं धरून ३९,००० डॉलर, ७२ महिने, हप्ता ४८७. टॅलन सगळं धरून २५,५०० डॉलर, ३६ महिने, हप्ता ४२९. व्याज दोन्हीकडे ९ टक्के. ताई विचारतात, "महिन्याला ५८ डॉलरच जास्त पडत असतील तर दुप्पट ताकदीची गाडी का सोडायची?"

ताई, नमस्कार.

पगार, शिल्लक, व्हिसा, सगळं मोकळेपणाने कळवलंत, म्हणून मीही स्पष्ट सांगते: टॅलन घ्या. प्रो आर चांगली गाडी आहे. पण तिच्यामागे जेवढी रोकड उभी असावी लागते, तेवढी आज तुमच्याकडे नाही, आणि माझ्या सल्ल्याचं मूळ तिथेच आहे.

आधी ते ५८ डॉलर बघू. डीलरने एक कर्ज तीन वर्षांचं आणि दुसरं सहा वर्षांचं मांडून हप्ते शेजारी-शेजारी ठेवले, म्हणून फरक एवढासा दिसतो. प्रो आरचं २७,००० डॉलरचं कर्जही ३६ महिन्यांत फेडायचं म्हटलं तर हप्ता ८५९ च्या आसपास जातो. खरी तुलना ४२९ आणि ८५९ ची आहे. ७२ महिने घेतलेत तर नुसतं व्याजच ८,००० डॉलरच्या वर जातं. टॅलनच्या कर्जावर ते २,००० च्या आत राहतं. डाउन पेमेंट धरून शेवटी खिशातून जाणार प्रो आरला सुमारे ४७,००० आणि टॅलनला साडेसत्तावीस हजार. डीलरने खोटं काही सांगितलेलं नाही. त्याने हप्ता दाखवला, मुदत तुम्ही बघायची होती.

आता वॉरंटी. पोलॅरिसची कारखान्याची वॉरंटी सहा महिन्यांची, होंडाची एक वर्षाची. म्हणजे प्रो आरचे ७२ हप्ते सुरू होतील आणि त्यातले ६६ हप्ते भरताना गाडीला काही झालं तर खर्च तुमचा. टॅलनचे असे २४ हप्ते. मग एक्स्टेंडेड सर्व्हिस काँट्रॅक्ट, म्हणजे विकत घेतलेली वाढीव वॉरंटी, येतो, आणि तो बहुतेकदा कर्जातच घालून देतात. समजा २,५०० डॉलरचा काँट्रॅक्ट ७२ महिन्यांच्या कर्जात घातला, तर तो ३,२०० च्या पुढे पडतो. घ्यायचाच झाला तर मूळ वॉरंटी संपायच्या आत, रोख पैशाने घ्या. कशाकशाला लागू नाही ते पानही वाचून घ्या. बेल्ट, क्लचचे झिजणारे भाग, टायर हे सहसा वगळलेलेच असतात.

आणि या गाड्यांत सगळ्यात आधी दगा देतो तो बेल्टच. तुम्ही मित्रांच्या गाडीत बसलात पण बेल्ट तुटताना पाहिलेला नसावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रो आरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती सीव्हीटीच्या, म्हणजे गिअर आपोआप बदलत राहणाऱ्या यंत्रणेच्या, रबरी बेल्टमधून. चढावर हाय गिअरमध्येच हळूहळू रेटत राहिलं की बेल्ट घसरतो आणि तापतो. जळक्या रबराचा वास येतो, मग फटकन आवाज होऊन गाडी जागच्या जागी उभी. झाकण उघडलं की तुटलेल्या बेल्टचे दोरे क्लचभोवती गुंडाळलेले असतात. झाकण आणि क्लच दोन्ही चटका बसेल इतके तापलेले. ते निवेपर्यंत थांबायचं, पक्कडीने एकेक दोरा ओढून काढायचा, मग नवा बेल्ट चढवायचा. बेल्ट दोन-अडीचशे डॉलरच्या घरातला. जवळ नसेल तर कुणीतरी ओढून नेईपर्यंत मुलांना घेऊन उन्हात बसायचं. लो गिअर वेळेवर टाकला आणि नवा बेल्ट सुरुवातीला सांभाळून रुळवला तर तो बराच टिकतो. म्हणजे हे सगळं चालवणाऱ्याच्या हातात आहे, पण तो हात तयार व्हायला एक-दोन बेल्ट जातात.

टॅलनमध्ये हा बेल्टच नाही. तिचं ९९९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन सहा गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला जोडलेलं आहे. या गिअरबॉक्समध्ये काही बिघडलं तर ते वाटेत दुरुस्त होत नाही आणि बिल मोठं येतं, हेही लक्षात ठेवा. तरी वर्षाच्या खर्चाचा अंदाज बांधायला ती सोपी, आणि तुमच्यासारख्या घराला अंदाज बांधता येणं फार मोलाचं आहे.

एक गोष्ट पोलॅरिसच्या बाजूनेही सांगायला हवी. मित्रांनी तुम्हाला "आरझेडआर पेट घेतात" असं सांगितलं. त्यामागे खरी घटना आहे: एप्रिल २०१६ मध्ये २०१३ ते २०१६ सालच्या आरझेडआर ९०० आणि १००० मॉडेलच्या सुमारे १,३३,००० गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या गेल्या, गाडीत बसलेल्या एका १५ वर्षांच्या प्रवाशाचा जीवही गेला होता, आणि २०१८ साली कंपनीने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर दंड भरला. पण प्रो आर ही २०२२ पासूनची, वेगळ्या इंजिनाची गाडी आहे. १,९९७ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. जुन्या मॉडेलचं पाप तिच्या माथी मारून मिस्टरांची बाजू भक्कम करू नका. सेकंड हॅन्ड बघणार असाल तर मात्र कोणतीही कंपनी असो, व्हीआयएन नंबरवर (गाडीचा ओळख क्रमांक) रिकॉल बाकी आहे का ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता ज्या गोष्टीमुळे मला काळजी वाटली तिच्याकडे येते. तुम्ही एच-१बी वर आहात, मिस्टरांचा वर्क परमिट तुमच्यामुळे आहे. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असली तरी ग्रीन कार्डच्या रांगेत तुमची तारीख लागायची आहे. उद्या तुमची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आणि त्यांचं कामही त्याच धाग्याला लटकलेलं. कागदावर तुम्ही दोन पगारांचं घर आहात, पण जोखमीच्या हिशेबात मी तुम्हाला एकाच पगाराचं घर धरते. तुमचा महिन्याचा खर्च ६,५००, इमर्जन्सी फंड २४,०००. चार महिनेसुद्धा भरत नाहीत. तुमच्या जागी मला किमान सहा महिन्यांचे, म्हणजे ३९,००० हवेत. गाडीची किंमतही नेमकी तेवढीच, हा योगायोग.

प्रो आर घेऊन दोन वर्षं झाल्यावर असा प्रसंग आला असं समजा. तेव्हा कर्ज १९,६०० च्या आसपास बाकी असेल. साठ दिवसांत घर आवरायचं आणि त्यातच ही गाडी विकायची. घाईत विकणाऱ्याला भाव कोण देतो? ॲरिझोनात उन्हाळ्यात तर या गाड्यांकडे फारसं कुणी बघतही नाही. किंमत कर्जाइतकीच आली तर तुमचे १२,००० आणि भरलेले सगळे हप्ते गेले. कमी आली तर वरून भरावे लागतील. टॅलनचं त्याच वेळी एकच वर्ष उरलेलं असेल, पाच हजारांच्या आत. ती कितीलाही विकली तरी थोडेफार पैसे हातात पडतील.

गाडी ओढून न्यायचा प्रश्न तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात, पण इथे मोठा खर्च दडलाय. तुमच्या टोयोटा सिएना मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड. टॅलन साधारण १,७०० पौंडांच्या आसपास, साधा ट्रेलर हजारभर, वर कूलर, हत्यारं, जादा चाक. मर्यादेत बसते, तरी बीलाइन हायवेवरून पेसनचा घाट चढताना गाडीतली चार माणसं आणि सामान यांचाही भार धरा. प्रो आर ४ चं तेल-पेट्रोलाशिवायचं वजनच २,२०० पौंडांच्या वर आहे, ट्रेलरही दणकट लागतो, म्हणजे सिएना बाद. मग पिकअप आला. चांगला वापरलेला घेतलात तरी २५-३० हजार डॉलर. हा पिकअप तुमच्या कुठल्याच आकड्यात नाही. शिवाय प्रो आर ७४ इंच रुंद आहे, टॅलन १०००एक्स-४ ६४ इंच. ट्रेलर आणि गॅरेज दोन्ही टेपने मोजा.

तुम्ही हिंडता कुठे? बुलडॉग कॅन्यन, क्राउन किंगचा रस्ता, पेसनच्या वरचं जंगल. दगड, वळणं, झाडांमधल्या अरुंद वाटा. तिथे मुलांना घेऊन वेग फार तर २०-२५ मैलांचा. त्या वाटांवर दहा इंच अरुंद गाडी जास्त कामाची, आणि २२५ पैकी निम्मी ताकद वापरलीच जाणार नाही. ताकद खरोखर लागते ती युमाच्या पलीकडे ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर. मऊ वाळूत चौघांना घेऊन ओल्ड्समोबिल हिल चढायची तर टॅलन धापा टाकते, हे मान्य. पण ग्लॅमिसला तुम्ही वर्षातून एकदा जाता. एका फेरीच्या हौसेपायी बाकीच्या अख्ख्या वर्षाच्या हप्त्यांवर ओझं का घ्यायचं? त्या एका फेरीला प्रो आरच भाड्याने घ्या. दिवसाला ५०० डॉलर धरले आणि दोन दिवस घेतली, तरी वर्षाला हजार.

धाकट्याची गोष्ट दोन्ही गाड्यांना लागू. शोरूममध्ये त्याला मागच्या सीटवर बसवा. पाठ पूर्ण टेकलेली, पट्टा लावलेला, दोन्ही पावलं जमिनीला सपाट, हात दांडीला पोचलेला. यातलं एक जरी जमत नसेल तर या हिवाळ्यात गाडी घेऊच नका, तो उंच होईपर्यंत थांबा. पैशाच्या सल्ल्यात हे कशाला, असं वाटेल. गाडी कलंडली आणि मुलाचा पाय बाहेर आला तर जे होईल त्याला कोणताच फंड पुरत नाही, म्हणून लिहिते.

विम्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. घराच्या पॉलिसीत हे येईल असं धरून चालू नका. घराच्या आवाराबाहेर अशी गाडी बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते. वेगळी ऑफ-रोड पॉलिसी घ्या, त्यात शेजारी बसलेल्या पाहुण्याला इजा झाली तर भरपाई आहे का ते लेखी विचारा. मित्रांची मुलं तुमच्या गाडीत बसणारच. अंब्रेला पॉलिसी (इतर विम्यांच्या वरची जादा भरपाई) असेल तर या गाडीची नोंद तिथेही करावी लागते. दोन्ही गाड्यांचे विम्याचे कोट एकाच दिवशी मागवा, फरक बघून तुमच्या निर्णयाला मदत होईल. राज्याचं ओएचव्ही (ऑफ-रोड गाडीचं) स्टिकर वर्षाला २५ डॉलर, तो काही भार नाही.

टॅलन घेतलीत तर तुमच्या महिन्याच्या १,५०० च्या शिलकीतून हप्ता जाऊन हजारभर उरतील. ते सरळ इमर्जन्सी फंडात जाऊ द्या, सव्वा वर्षात सहा महिन्यांचा खर्च पुरा होईल. चिंचवडला आई-वडिलांना पाठवता ते आणि ४०१(के) या निवृत्ती खात्यातला कंपनीच्या मॅचपुरता हिस्सा, या दोन्हींना हात लावू नका. डीलरकडे परत जाल तेव्हा फ्रेट, सेटअप आणि डॉक्युमेंट फी या तीन ओळींवर बोट ठेवा. घासाघीस तिथेच होते. क्रेडिट युनियनचं कर्ज आधी मंजूर करून न्या. १३,५०० डॉलरला ९ टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही. आणि घेतल्यावर एअर फिल्टर दर फेरीनंतर उघडून बघायची सवय मिस्टरांना लावा. ॲरिझोनाची पिठासारखी धूळ इंजिनात गेली तर होंडाचंही इंजिन बसतं, आणि तशा वेळी वॉरंटीही हात वर करू शकते.

होंडा मनाला अगदीच पटत नसेल तर यामाहा वुल्व्हरिन आरमॅक्स४ १००० चालवून बघा. तिच्यात बेल्ट आहे, पण त्यावर कंपनी १० वर्षांची वॉरंटी देते. कावासाकी टेरिक्स केआरएक्स४ १००० ही ११२ हॉर्सपॉवरची, दणकट. या दोन्ही चालतील, फक्त ३६ महिन्यांच्या कर्जात आणि सिएनाच्या मर्यादेत बसल्या पाहिजेत.

प्रो आरला माझा कायमचा नकार नाही. ग्रीन कार्ड हातात पडलं, फंड ३९,००० ला पोचला, पिकअप दुसऱ्या कामासाठीही घरात आला आणि कर्ज तीन वर्षांत फेडता आलं, तर मला परत लिहा. मी आनंदाने आकडे मांडून देईन. यंदाच्या ग्लॅमिसच्या भाड्याच्या गाडीचं मात्र आत्ताच बुकिंग करा. ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे प्रवेश परमिटही लागतं. थँक्सगिव्हिंगचा आठवडा टाळा, तेव्हा गर्दीही फार आणि भाड्याच्या गाड्याही आधीच लागलेल्या असतात.