मराठवाड्यातल्या डोंगर-जंगलात पोहण्याजोगी नैसर्गिक कुंडं आहेत का? दिवाळीत तिघे मित्र सॅक घेऊन येतोय.

आहेत, आणि दिवाळीची वेळही चांगली निवडलीत. श्रावणात आला असतात तर मीच नको म्हटलं असतं.

आमच्याकडे असं पाणी शोधायचं ते सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत. या रांगेच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीला जातं, उत्तरेचं तापीला. म्हणजे इथले ओढे अगदी उगमाजवळचे, मागे पाणलोट थोडासाच. पाऊस कोसळला की तासाभरात लोंढा येतो, थांबला की ओसरतो. दसऱ्यापासून पाणी नितळ होतं आणि संक्रांतीनंतर बहुतेक ठिकाणी नुसती डबकी उरतात. काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांवरून पडणारं पाणी दगडगोटे गरागरा फिरवत राहतं, त्यातून रांजणखळगे कोरले जातात. तुम्ही म्हणता ती कुंडं हीच.

कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य (१९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौ. किमी.) अवश्य चाला, पितळखोऱ्याची लेणी बघा. अजिंठ्याला लेणापूरकडून वरच्या अंगाला गेलात तर वाघूर नदी टप्प्याटप्प्यानं सात कुंडांत उतरताना दिसते. पण या दोन्ही ठिकाणी पाण्यात उतरू नका. एक अभयारण्य आहे, दुसरं जागतिक वारसा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्कामही करू नका, तिथं बिबट्या आहे, अस्वल आहे. पायथ्याच्या गावात विचारा, देवळाच्या ओसरीवर रात्र निघते.

पोहायचं ते अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावाच्या ओढ्यावर, आणि गुराख्याला विचारूनच. एका कुंडावर आम्ही कपडे काढत होतो तेव्हा शेळ्यांमागून आलेले एक आजोबा म्हणाले, "कडंकडंनं पोहा बाबा, मधात जाऊ नका, खाली कपार हाय." वरून ते पाणी आरशासारखं निवांत होतं. छातीभर पाण्यात उभं राहिलं तर वर कोमट आणि गुडघ्याखाली बर्फासारखं गार लागत होतं, बारके मासे पायाला टोचत होते. कपार आहे हे आम्हाला सात जन्मात कळलं नसतं.

सूर मारू नका, हे मी कळवळून सांगतोय. माझ्या मित्रानं ओळखीच्या कुंडात, आदल्या वर्षी मारला होता त्याच दगडावरून सूर मारला. मधल्या पुरात वरून एक धोंडा येऊन बरोबर तिथं बसला होता. कपाळाला नऊ टाके पडले. त्याला खांद्यावर घेऊन दीड तास उतरलो आणि फोनला रेंज आली ती थेट डांबरी रस्त्यावर. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना वाटतं आपल्याला पाणी कळतं. विहीर तीच राहते, ओढ्याचा तळ दर पावसाळ्यात बदलतो. आधी लांब काठीनं चाचपा, मग बसून, घसरत उतरा. शेवाळावर बूट टिकत नाही, अनवाणी पायाची बोटं टिकतात.

सोबत वीस मीटर दोर, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. दोन दिवस टिकतात, चूल पेटवावी लागत नाही.

साबण-शाम्पू मात्र घरीच ठेवा. त्याच पाण्यावर खाली गावाची जनावरं येतात. मी ज्या कुंडाबद्दल लिहिलंय त्याचं नाव म्हणूनच इथं देत नाही. कन्नडला उतरलात की कळवा, तिघांना मी स्वतः घेऊन जाईन.