वाचक विचारतात : ॲल्युमिनियमची होडी, पितळी स्क्रू आणि मधेच बंद पडणारं इंजिन

मागच्या महिन्यात गळ-रीलबद्दल लिहिताना सहज एक वाक्य टाकलं होतं की मी चौदा फुटी ॲल्युमिनियमच्या होडीतून मासे धरतो. झालं, रील राहिलं बाजूला आणि सगळी पत्रं होडीवर आली. पुण्यात समुद्र नाही हे खरं, पण पानशेत, मुळशी, पवना, भाटघर, उजनी एवढं पाणी हाताशी आहे आणि ताम्हिणी उतरलं की पुढं खाडीच खाडी, त्यामुळं हौस कुठून येते ते कळतं. जमतील तेवढ्यांना उत्तरं देतोय.

काका, आम्ही तिघं मित्र मिळून होडी घेतोय. पानशेत-मुळशीला पण चालावी आणि रेवदंड्याला जिताड्यासाठी पण. चौदा फुटी घेऊ का सोळा? वेल्डेड की रिव्हेटवाली? बजेट ताणता येईल पण फार नाही. (कोथरूड)

होडीचं नंतर, आधी पाण्याचं ठरवा. वर्षातून वीस रविवार धरणात आणि एकदा रेवदंडा, असं असेल तर रेवदंड्यासाठी होडी घेऊ नका, तिथं गेल्यावर तिथल्याच कोळीदादाबरोबर त्याच्या बोटीतून जा, जिताडा पण लवकर मिळेल. पण निम्मं-निम्मं असेल तर मग विचार बदलतो.

सपाट बुडाची, जिला जॉन बोट म्हणतात ती, उभं राहून गळ टाकायला एकदम मस्त, फार डुलत नाही, गुडघाभर पाण्यात जाते, उजनीच्या भिगवणकडच्या उथळ फुगवट्यात तिच्यासारखी दुसरी नाही. तीच होडी दुपारी तीनला कुंडलिकेच्या मुखाशी नेऊन बघा, ओहोटीचं पाणी बाहेर पळतंय आणि वारा समुद्रावरून आत येतोय, अशा वेळी लाटा उंच नसतात पण उभ्या आणि जवळजवळ असतात, प्रत्येक लाट बुडाला थाप मारते आणि तुम्ही बाकावर उडत राहता. तिथं पुढं व्ही आणि मागं हळूहळू सपाट होत जाणारं बूड लागतं. तुम्हाला दोन्हीकडं जायचंय म्हणजे हेच घ्या, पुढचा व्ही चांगला धारदार आणि काठ उंच बघून घ्या.

लांबीचं म्हणाल तर अमेरिकेत छोट्या होड्यांसाठी एक साधा हिशोब वापरतात, फुटात लांबी गुणिले रुंदी भागिले १५. चौदा बाय पाच म्हणजे ७०, भागिले १५, साडेचार माणसांच्या वर थोडं. हे शांत पाण्यातलं. तिघं, सामान, बर्फाचा डबा, बॅटरी आणि खाडी, एवढं धरलं तर चौदा पुरते पण सोळा बरी. मात्र सोळा फुटी घेतलीत की ती ठेवायची कुठं हे पण सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी विचारा, मी हसत नाहीये, माझ्या ओळखीच्या दोघांच्या होड्या पार्किंगवरून विकल्या गेल्या.

रिव्हेटची होडी हलकी आणि स्वस्त, धरणासाठी वर्षानुवर्षं चालते, फक्त आपटून आपटून रिव्हेट सैल होतात. खाडीसाठी वेल्डेड, बुडाचा पत्रा ३ मिमी, कारण कोकणातल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि ती सुरीसारखी असतात. धरणाला २ मिमी पुरे.

आता भोसरीला वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेऊ असं तुमच्यातला एकजण म्हणणारच, नेहमी म्हणतो. बनवा, पण पत्रा ५०५२ किंवा ५०८३ ग्रेडचाच, आणि त्याचं टेस्ट सर्टिफिकेट हातात घ्या. 'ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम, साहेब' म्हणून ६०६१ चा पत्रा पुढं करतील, तो कडक असतो पण वाकवताना तडकतो आणि वेल्डिंगच्या शेजारी त्याची ताकद बरीच उतरते. नळ्या, अँगल ६०६१ चे चालतात, बुडाला नको. वेल्डिंग आर्गॉनवर, फिलर, म्हणजे वेल्डिंगची तार, ५३५६ ची. मला एका वर्कशॉपनं घरातला चेकर्ड पत्रा डेकला लावून दिला होता, दिसायला भारी, उन्हात एप्रिलमध्ये अनवाणी उभं राहिलो तेव्हा कळलं.

इंजिन घ्यायच्या आधी मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, वरच्या काठापासून बुडापर्यंत मोजा. साधारण १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० असेल तर लाँग शाफ्ट. स्वस्तात मिळालं म्हणून उलटं आणलेलं इंजिन मी इतक्यांदा बघितलंय की आता बोलत पण नाही. आणि जुनी होडी घेत असाल तर ट्रान्समच्या आतलं प्लायवूड कुजलंय का बघा, इंजिनचं खालचं टोक धरून वर-खाली हलवा, फळी लवली तर सौदा सोडा.

इंजिन पहिल्या दहा मिनिटांत एकदम झकास चालतं, मग दम टाकून बंद पडतं. पंप दाबला की परत सुरू, परत बंद. मेकॅनिकनं कार्ब्युरेटर दोनदा साफ केला, पैसे पण दोनदा घेतले. (हडपसर)

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडता का? बंद असेल तर पेट्रोल जाईल तसं टाकीत हवा येत नाही, ओढ बसते आणि पेट्रोलच्या पाइपमधला तो रबरी फुगा, तुम्ही पंप म्हणून दाबता तोच, चपटा होतो. पुढच्या वेळी बंद पडलं की आधी फुगा बघा. चपटा असेल तर हवा अडलीय. फुगा टणक असेल तर पेट्रोल येतंय, दोष पुढं आहे. लुळा असेल पण चपटा नसेल तर पाइपच्या जोडातून हवा आत शिरतेय, त्या कनेक्टरमधली छोटी ओ-रिंग बदला.

त्यातच पेट्रोलचं पण सांगतो कारण चौघांनी तेच विचारलंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि बहुतेक आउटबोर्डच्या, म्हणजे ट्रान्समला लावायच्या इंजिनांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन तेच पितं. स्कूटरला त्रास होत नाही कारण ती रोज चालते, होडी महिनाभर उभी असते. म्हणून जेवढं त्या दिवशी लागेल तेवढंच भरा, उरलेलं घरी येऊन गाडीत ओता, पाणी अडवणारा १० मायक्रॉनचा फिल्टर टाकी आणि इंजिनच्या मधे लावा, आणि कार्ब्युरेटरवालं इंजिन असेल तर शेवटी पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा (पाणी पुरवून, कोरडं नाही).

दादा, होडी चार महिने अलिबागजवळ खाडीत नांगरून ठेवली होती. आता पितळी कॉक लावलाय त्याच्याभोवती पांढरी पावडर येतेय आणि बोटाच्या नखाएवढे खड्डे पडलेत. कंपनीत फोन केला तर म्हणे खाऱ्या पाण्यात असं होतंच. होतं का? (बाणेर)

होतंच असं नाही, आणि मला तुमचा राग पण येतोय आणि दया पण, कारण माझी पहिली होडी मी अशीच खाऊ घातली. दोरी बांधायच्या खुंट्या पितळी स्क्रूनं बसवल्या होत्या, पितळ चमकत होतं म्हणून.

ॲल्युमिनियम आणि पितळ, दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, म्हणजे ती एक बॅटरीच झाली. तिच्यात झिजणारी बाजू कायम ॲल्युमिनियमची. एरवी ॲल्युमिनियमवर स्वतःचा एक पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो, पण तो इथं टिकत नाही आणि मग ती पांढरी पावडर, ते गंजलेलं ॲल्युमिनियमच. तांबं, पितळ, ब्राँझ काहीच नको. स्टेनलेसचे बोल्ट चालतात पण खाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना लॅनोलिन ग्रीस. कॉक नायलॉनचा बसवा.

आणखी दोन गोष्टी तपासा, तुम्ही लिहिलं नाहीये पण मला शंका आहे. एक, बुडाला शेवाळ-कालवं बसू नयेत म्हणून लावतात तो रंग कुठला लावलात? लाकडी आणि फायबरच्या बोटींना तांब्याचा असतो. तो ॲल्युमिनियमवर लावला तर अख्खं बूडच कॉकसारखं होतं. दुसरं, डेकखाली वाळवीचं औषध मारलेलं लाकूड आहे का? त्या औषधात बरेचदा तांबं असतं. आणि हो, बुडात पडलेली शिशाची वजनं, नाणी, हे ओल्यात तसंच राहिलं तर तिथंही बरोबर त्याच आकाराचा खड्डा पडतो, माझ्याकडं एका शिशाच्या गोळीचा आहे, दाखवतो आलात तर.

वायरिंग. मोटारसायकलला जसं निगेटिव्ह चासीला जोडतो तसं होडीच्या पत्र्याला कधीच जोडायचं नाही, प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वायरी बॅटरीपर्यंत. तपासायला इंजिनची बॅटरी केबल काढून ठेवा (इंजिनची बॉडी स्वतःच निगेटिव्हला असते, नाहीतर उगाच घाबराल), मग साधा टेस्ट लॅम्प पॉझिटिव्ह आणि पत्र्यामधे धरा, मग निगेटिव्ह आणि पत्र्यामधे. दोन्हीकडं पेटता कामा नये. दुसऱ्या वेळी पेटला तर कुठंतरी पॉझिटिव्ह वायर सोलून पत्र्याला टेकलीय आणि असली होडी पाण्यात ठेवली तर महिने लागत नाहीत, आठवडे पुरतात.

ॲनोड, म्हणजे मुद्दाम झिजायला लावलेला धातूचा तुकडा, लावा. नुसत्या खाऱ्या पाण्यात जस्ताचा चालतो, धरणात मॅग्नेशियमचा, तुम्ही दोन्हीकडं फिरत असाल तर ॲल्युमिनियमचाच ॲनोड घ्या, तो स्वतः झिजून होडी वाचवतो. निम्मा झिजला की बदला आणि कृपा करून त्याला रंग देऊ नका, रंग दिला की तो शोभेचा. खड्ड्यांचं म्हणाल तर पत्र्याच्या निम्म्याहून खोल गेलेले असतील तर तेवढा तुकडा कापून वेल्ड करून घ्या, वरवरचे असतील तर घासून इपॉक्सी. नुसती पुट्टी भरून विकू नका कुणाला.

वेग वाढवला की पुढचं तोंड वर-खाली वर-खाली करतं, आणि वळताना इंजिन एकदम ओरडतं पण होडी पुढं जात नाही. पंखा बदलू का? (वाकड)

आत्ताच नको. तोंड उड्या मारतंय म्हणजे वजन मागं जास्त आहे किंवा इंजिन फार बाहेर कललंय. टाकी आणि बॅटरी पुढं सरकवा, इंजिन एक खाच आत घ्या. वळताना ओरडतं म्हणजे पंख्याला वरून हवा मिळतेय. पंख्याच्या वरची ती आडवी पट्टी बुडाच्या पातळीत किंवा जेमतेम खाली हवी, फळकूट घेऊन बघा, वर असेल तर इंजिन एक भोक खाली बसवा. एवढं करूनही पूर्ण थ्रॉटलला आरपीएम पुस्तकातल्या पट्ट्याच्या वर किंवा खाली जात असेल तेव्हा पंख्याकडं या. पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर, एक इंच वाढवला की साधारण १५० ते २०० आरपीएम कमी होतात, कमी केला की वाढतात. मोजायचं तीन माणसं बसवून, एकट्यानं नाही.

पंखा काढालच तेव्हा त्याच्या मागं गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आहे का बघा. तो आतला सील कापतो, गिअर ऑइलमधे पाणी जातं, ऑइल चहासारखं दुधाळ होतं. ते दिसलं की पाण्यात उतरायचं नाही.

पेट्रोल नको, हळू चालवायची छोटी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर घेतलीय, ५५ पाउंड जोराची. घरची इन्व्हर्टरची बॅटरी चालेल का? आणि मोटर लावली की फिश फाइंडरच्या (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर नुसता ठिपक्यांचा पाऊस दिसतो. (सिंहगड रोड)

चालेल, उचलणारा कोण ते ठरवा, पाण्यासकट ती पन्नास किलोच्या पुढं जाते आणि कलंडली की ॲसिड. फुल स्पीडला ही मोटर ५० अँपिअरपर्यंत ओढते, लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, म्हणजे १०० एएच वर फुल स्पीडचा जेमतेम तास. हळू चालवलीत तर सकाळ निघते. लिथियम फॉस्फेट महाग, पण वजन साधारण बारा किलो, आणि काठ कमी उंचीचा असताना हा फरक फार मोठा. बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा ब्रेकर, वायर १६ स्क्वेअर एमएम, बारीक वायर तापते.

फिश फाइंडरला वेगळी बॅटरी द्या, यूपीएसमधली ती १२ व्होल्ट ७ एएचची छोटी पुरते, पाऊस थांबेल. त्याचा सेन्सर बसवायला बुडाला भोकं पाडू नका, ट्रान्समवर एक प्लॅस्टिकचा जाड तुकडा एकदाच चिकटवा आणि पुढचे सगळे स्क्रू त्याच्यात.

एक मात्र, उजनीला नुसत्या ट्रोलिंग मोटरवर मधे जाऊ नका. एप्रिल-मे मधे दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा तिथं चांगल्या लाटा होतात. २०२४ च्या मे महिन्यात कुगाववरून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जण गेले. जॅकेट अंगात, बाकाखाली नाही.

रिव्हेटमधून पाणी येतंय, पण नक्की कुठून ते सापडत नाही. (चिंचवड)

उलटा विचार करा. होडी स्टँडवर ठेवा, आत वीतभर पाणी भरा (काठापर्यंत नको, वजनानं बूड बसेल), खालून बाहेर बघा, जिथं थेंब येतोय तिथं खडूनं गोल करा. सैल रिव्हेट आतून लोखंडी ठोकळा लावून बाहेरून हातोडीनं बसवा, दोघं लागतात. सिलिकॉन थापू नका, व्हिनेगरचा वास येतो ते तर नाहीच, ते ॲल्युमिनियमला खातं. आणि आधी मागचं बूच नीट लावलंय ना ते बघा.

खडकवासल्यात टाकली तर चालेल का? घरापासून वीस मिनिटं आहे. (वारजे)

नाही. पिण्याचं पाणी आहे, पलीकडं एनडीएची, म्हणजे लष्करी प्रबोधिनीची हद्द आहे, आणि होडीला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. मासेमारीचं म्हणाल तर बहुतेक धरणांत ठेका तिथल्या मच्छीमार सोसायटीकडं असतो. आधी गावात जाऊन त्यांना भेटा, त्यांना बरोबर घेतलंत तर पाण्याखाली काय काय आहे ते पण कळतं. उजनीत पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बाहेर येतं, बाकीच्या भिंती पाण्याखालीच लपलेल्या असतात आणि पंख्याची पिन तिथंच तुटते. तीन पिना, पक्कड आणि दोन वल्ही होडीत ठेवा. खाडीत जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ते खड्डे भरायचं काम त्या दोन महिन्यांत काढा, बाणेरवाले, तुम्हाला सांगतोय.