अंगणवाडीत घातलं तर लोक काय म्हणतील?

एप्रिल-मे लागला की हा प्रश्न माझ्या खोलीत येतोच. आंब्याच्या पेट्या, मुंबईहून आलेले पाहुणे, पावसाआधीची शाकारणी, या सगळ्यातून वेळ काढून आया येतात आणि खुर्चीच्या टोकावर बसून विचारतात, "मॅडम, पोराला तीन पूर्ण झाली. वाडीतल्या अंगणवाडीत घालू की नर्सरीत? मागे तर पडणार नाही ना?" कुणाच्या जावेचा मुलगा ठाण्याला इंग्रजीत कविता म्हणतो. कुणाच्या शेजारणीचं पोर सकाळी सातला टाय लावून व्हॅनमध्ये चढतं. शब्द वेगळे असतात, पोटातला गोळा तोच.

अठरा वर्षं सिंधुदुर्गात लहान मुलांसोबत आणि त्यांच्या पालकांसोबत काम करतेय. या प्रश्नाचं उत्तर मला पाठ झालं होतं. मग दोन पावसाळ्यांपूर्वी मालवणच्या बाजूची एक आई आली आणि मी इतकी वर्षं नेमकं कशाचं उत्तर देत होते, ते मला पुन्हा तपासावं लागलं. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहितेय.

जूनचा तिसरा आठवडा. तिच्या हातात शाळेचं पत्र होतं: मुलगी वर्गात अजिबात बोलत नाही, तज्ज्ञांना दाखवा. मुलगी चार वर्षांची. घरात तिला बाय म्हणतात, मीही तेच म्हणते. वर्षभर ती चौदा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत व्हॅनने जात होती. आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून ती दाराशीच उभी राहिली.

आधी कान तपासून घ्यायला लावले. बोलण्याची तक्रार असली की मी हे कधीच टाळत नाही. कान उत्तम होते.

"घरी बोलते?"

"घरी टकळी चालू असायची. आता घरीसुद्धा कमी झालंय."

"घरी कुठल्या भाषेत?"

ती जरा अवघडली. "मालवणीच. पण आम्ही बंद केलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, घरी इंग्लिश बोला, नाहीतर निदान शुद्ध मराठी बोला. ही 'माका' म्हणाली की वर्गात मुलं हसतात."

म्हणजे शाळेत भाषा येत नव्हती, आणि जी येत होती ती घरातून काढून घेतली होती. उरली एक आजी, तर तिलाही सुनेने दटावून ठेवलं होतं. चार वर्षांच्या जिवाने मग बोलायचं कुठे आणि कुणाशी?

माझ्या खोलीत एक जुनी टोपली आहे. तिच्यात शिंपले, करवंट्या, सुपाऱ्या, चिंध्या, लाकडी डाव असं काहीबाही असतं. मी मुलांना नाव विचारत नाही, टोपली पुढे सरकवते आणि खाली बसते. पहिले दोन दिवस बाय टोपलीकडे नुसती बघत राहिली. तिसऱ्या खेपेला तिने फडकं पसरलं, शिंपले ओतले आणि निवडायला घेतले. मोठे एकीकडे, बारके एकीकडे, फुटके टोपलीत परत. मग बारक्यांचे वाटे लावले. पाच वाटे, प्रत्येकात चार. एकात पाच पडले होते, तो जास्तीचा तिने उचलून घेतला. मग मांडी घालून बसली आणि हाताने माशा वारायला लागली.

मी शाबासकी दिली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. बाजारात विचारतात तसं विचारलं, "कितीक गो वाटो?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी हसते का, ते ती तपासत होती. मग अगदी हळू म्हणाली, "शंभरचो."

"शंभर? परवा पन्नासचो होतो मां?"

"होडी बंद आसा."

"वर एक तरी घाल गो."

तिने मान हलवली. "ना. होडी बंद आसा."

हे एवढंच. पण मला वाटतं, माझ्या सगळ्या कामातल्या पाच-सात मोठ्या क्षणांत मी हा धरीन. शाळेच्या कागदावर जी अजिबात बोलत नाही असं लिहिलं होतं, ती मुलगी वर्गवारी करत होती, सारखे वाटे पाडत होती, आणि आवक थांबली की भाव चढतो, वर घालायला परवडत नाही, हे तिला उमगलेलं होतं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ते दोन महिने घरात काय बोललं जातं, काय टाळलं जातं, ते सगळं ती कोपऱ्यात बसून ऐकत होती.

मी आईकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

बायला आजीबरोबर पडवीत पाठवलं. एवढे दिवस माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारी ती आई एकदम मालवणीत आली. "बांगडये बँकेत ठेवलंय, मॅडम. फीचो पयलो हप्तो भरूक. गेल्या हंगामात काय मिळूक नाय. इंजिनाचा कर्ज आसा. आणि फी भरूची जूनमधी."

फीचा हप्ता जूनमध्ये आणि होडी झापांखाली. किनाऱ्यावरच्या किती घरांना दरवर्षी हा पेच पडतो, आणि किती घरं तो दुसऱ्या कशाच्या तरी नावाखाली माझ्यापुढे मांडतात!

"अंगणवाडी घरापासून किती लांब?"

"खळ्यातून हाक मारली तर आयकाक जाता."

"मगे कशाक नाय घालूस?"

ती बराच वेळ गप्प राहिली. बाहेर पाऊस पागोळ्यांनी पडत होता. शेवटी म्हणाली, "थय घातलंय तर सगळी वाडी म्हणतली, ह्येंची होडी बसली."

अठरा वर्षं मला विचारलं जात होतं, "मूल मागे पडेल का?" आणि मी शिक्षणाचं उत्तर देत होते: मातृभाषा, खेळ, वय, मेंदूची वाढ. सगळं बरोबर होतं, पण पुष्कळदा घरातला प्रश्न वेगळाच असतो. सकाळी व्हॅन दारात थांबणं म्हणजे घराची पत, आणि पोराने हातात डबा घेऊन अंगणवाडीत जाणं म्हणजे ती गेल्याची दवंडी. मुलाची अडचण बरेचदा घरात न बोललेल्या गोष्टीत दडलेली असते, असं माझं कायमचं मत आहे. इथे ती गोष्ट मुलीनेच शिंपल्यांच्या भावात सांगून टाकली.

मी तिला विचारलं, "जूनात तुमची एकट्याची होडी वर ओढलेली आसा?"

ती हसली. पहिल्यांदा. "ना. सगळ्यांचीच."

पुढच्या खेपेला नवरा आला. दाराच्या चौकटीला टेकून उभा. "माझा शिक्षण झाला नाय. तिचा तरी होऊ दे." हे वाक्य मी हलकं धरत नाही. समुद्रावर जाऊन कमावलेला पैसा बाप लेकीच्या शाळेत घालतो, तेव्हा त्याला शहाणपण शिकवायला आपण कोण? त्याला मी काही समजावलं नाही. टोपली पुढे केली. बायने वाटे लावले. तो बघत राहिला, मग खाली बसून भाव करायला लागला. परत जाताना म्हणाला, "मोजता गो चेडू."

आता थोडं आपल्याच किनाऱ्याबद्दल. अंगणवाडी म्हणजे सरकारी खिचडी, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण ही कल्पना जिथे रुजली ते बोर्डी गाव कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला आहे, आज पालघर जिल्ह्यात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये तिथे गेल्या, अनुताई वाघ त्यांच्यासोबत काम करू लागल्या आणि पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गरिबाघरची मुलं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावं, हे ताराबाईंनी करून दाखवलं. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हीच साधनं केली. माझी टोपली तिथूनच आली आहे, हे मी अभिमानाने सांगते. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. खळ्यातून हाक मारली की ऐकू जावी, इतक्या जवळ शाळा असणं हाच तर त्यामागचा विचार होता.

प्रवेशाचं म्हणाल तर अंगणवाडीत प्रवेशाची शेवटची तारीख नसते, मुलाखत नसते, फी नसते. मूल तीन वर्षांचं झालं की कुठल्याही महिन्यात सेविकेकडे जायचं. जन्माचा दाखला, आईचं आधार आणि लसीकरणाच्या नोंदी असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. मुलाचं आधार अजून काढलं नाही म्हणून घरी बसू नका, आईच्या आधारवर नाव घेता येतं. सेविका फोनवरच्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये नोंद करते. पुष्कळदा गरोदरपणापासून आईचं नाव तिच्याकडे असतंच, मग नवीन असं थोडंच उरतं. सहा वर्षांपर्यंत मूल तिथे राहू शकतं, आणि पहिलीला वयाची सहा वर्षं लागतात, त्यामुळे घाई करून पुढे ढकलण्यात काही मिळत नाही.

तीन ते सहा वयाच्या मुलाला तिथल्या आहारातून रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत याचं प्रमाण ठरलेलं आहे. वजन-उंचीची नोंद होते, आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून दोनदा येणं अपेक्षित असतं. दात, डोळे, कान, वाढ यातलं काही मागे असेल तर ते तिथे लवकर ध्यानात येतं. महिन्याला हजारो रुपये घेणाऱ्या किती नर्सऱ्यांमध्ये हे होतं, तुम्हीच चौकशी करा.

मात्र सगळ्या अंगणवाड्या चांगल्या आहेत असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी छप्पर गळतं, काही ठिकाणी सेविका नोंदी आणि सर्वेक्षणांतच अडकलेली असते. म्हणून नाव घालण्याआधी एक सकाळ तिथे बसा. भिंतीवरची चित्रं बघू नका, मुलांचे हात बघा. त्यात माती, मणी, खडे, ठोकळे आहेत की नुसती पाटी? सेविका मुलांना नावाने हाक मारते का? मूल आपल्या बोलीत काही म्हणालं तर ती ऐकून घेते का? पाण्याची आणि शी-शूची सोय काय? हेच सगळं नर्सरीत जाऊनही बघा. मग तुम्ही जे ठरवाल ते बरोबर असेल.

आणि ते ८५ टक्के! मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, आणि हल्ली प्रत्येक नर्सरीच्या फलकावर ते आयांना घाबरवायला वापरतात. ही वाढ होते ती जेवणाने, झोपेने, मांडीवर बसून ऐकलेल्या गोष्टींनी, खेळाने, आजीच्या बडबडीने. तीन वर्षांच्या पोराकडून ओळीत अक्षरं गिरवून घेऊन ती होत नाही. त्या बोटांत अजून पेन्सिल धरायचं बळ आलेलं नसतं. त्याच धोरणात तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय, आणि खेळातून, घरच्या भाषेतून शिकण्यावर भर आहे. इंग्रजी येईल. पक्क्या घरच्या भाषेवर दुसरी भाषा लवकर चढते, हे मी या खोलीत अनेकदा पाहिलंय.

बायचं नाव जुलैच्या पहिल्या सोमवारी घातलं. मी आईला एकच गोष्ट बजावली होती: डोळा चुकवून पळायचं नाही. "मी जातंय, जेवणाच्या टायमाक येतंय," असं सांगून, तिच्या डोळ्यांत बघून निघायचं. रडली तर रडू दे, पण परत यायची वेळ चुकवायची नाही. पहिले दोन दिवस आई आत बसली, तिसऱ्या दिवशी पायरीवर, चौथ्या दिवशी घरी. अर्धा तासच, मग एक तास. रडणं सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी ती स्वतःच चप्पल घालून उभी राहिली. घरात मालवणीवरची बंदी उठली होती, आजीचा आवाज परत मोठा झाला होता.

सेविकेशीही मी फोनवर बोलले. म्हटलं, ती मालवणीत बोलेल, बोलू द्या. ती बाई त्याच वाडीतली. म्हणाली, "मगे माका तरी दुसरी खयची येता?" तिने शिंपल्यांचा डबा बायच्या हाती दिला, आणि आठवडाभरात अंगणवाडीत रोज बाजार भरायला लागला.

वाडी काय म्हणाली? दोघीतिघींनी विचारलं, एकीने टोमणा मारला. आईने उत्तर दिलं, "जवळ आसा, म्हणान घातलंय." पुढच्या महिन्यात त्यांतलीच एक सेविकेकडे आपल्या धाकट्याचा जन्माचा दाखला घेऊन गेली.

नारळी पौर्णिमेनंतर आठवड्याने मी तिकडे गेले होते, तेव्हा अंगणवाडीच्या पायरीवर थांबले. आत फडकं पसरलेलं, भोवती पाच-सहा गिऱ्हाइकं, आणि बाय मांडी घालून. मी वाकून विचारलं, "कितीक गो वाटो?"

"पन्नासचो," ती म्हणाली, आणि एक बारका शिंपला उचलून माझ्या वाट्यावर ठेवला. "पप्पांची होडी गेली."