विद्यापीठाचा पैसा कुठे गुंतलाय, हे विचारणारी लेक

पत्र शिकागोजवळच्या एका उपनगरातून आलंय. आई-वडील मूळचे नेरूळचे. मोठी लेक तिथल्या एका सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे, धाकटा मुलगा शाळेत. लेक विद्यापीठातल्या एका गटात काम करते. गटाची मागणी अशी, की विद्यापीठानं आपल्या निधीतून शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये केलेली गुंतवणूक काढून घ्यावी. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती फलक घेऊन बसली होती, त्याचा फोटो कुणीतरी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. इकडे नेरूळला आजोबांची झोप उडाली, तिकडे घरात कडाक्याचं भांडण झालं. आई लिहितात, "तिला म्हटलं, तू शिकायला गेली आहेस, जगाची उठाठेव करायला नाही. तेव्हापासून ती आमच्याशी धड बोलत नाही. तिला समजवायचं कसं?"

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे. लेक अजून एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी गेलेल्या पालकांच्या आधारावर मिळणाऱ्या व्हिसावर आहे, पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण होतील आणि मग एफ-वन, म्हणजे स्वतःचा विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागेल. ग्रीन कार्डाच्या रांगेत तुम्ही किती मागे आहात ते तुम्हाला माहीतच आहे. धाकटा तिथेच जन्मला, त्याला ही चिंता नाही. तुमचं सगळं पत्र मला त्या एका ओळीत दिसलं. तुम्हाला धसका आहे तो व्हिसाचा. भांडलात मात्र अभ्यासावरून आणि उठाठेवीवरून. लेकीनं त्यातून एवढंच ऐकलं, की ज्या गोष्टीनं माझ्या जिवाला घोर लागलाय ती आई-बाबांना फालतू वाटते. वीस वर्षांच्या मुलीला याहून जास्त काय लागणार?

म्हणून आधी तिच्या मागणीकडे नीट बघा. व्हिसाचं मी सविस्तर लिहिणार आहे, पण ते नंतर.

विद्यापीठाकडे देणग्यांमधून साठलेला एक कायमचा निधी असतो, त्याला ते एंडोमेंट म्हणतात. मुद्दल शक्यतो मोडायचं नाही, गुंतवायचं, आणि दरवर्षी साधारण चार-पाच टक्के काढून शिष्यवृत्त्या, प्राध्यापकांचे पगार, संशोधन यांवर खर्च करायचे. आपल्या सोसायटीच्या कॉर्पस फंडासारखंच, फक्त आकडे अब्जांत. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या ठेवी अडकल्या. त्यानंतर सर्वसाधारण सभेत एरवी गप्प बसणारी माणसंही उठून विचारायला लागली, की आपला पैसा नक्की कुठे ठेवलाय? तुमची लेक तेच विचारते आहे. पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तोही ती विचारते आहे, की त्या पैशातून जगात काय घडतंय?

हे खूळ आजचं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी हेच हत्यार वापरलं. १९७७ मध्ये हॅम्पशायर कॉलेज या छोट्याशा संस्थेनं सुरुवात केली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी एका इमारतीच्या दारात ठिय्या देऊन बसले आणि त्याच वर्षी तिथल्या विश्वस्तांनी गुंतवणूक काढायचं ठरवलं. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या कंपन्यांमधले सुमारे ३ अब्ज डॉलर काढून घ्यायचा ठराव केला. मंडेला तुरुंगातून सुटल्यावर १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आले, तेव्हा भाषणात त्यांनी शेजारच्या बर्कलीच्या, म्हणजे याच विद्यापीठाच्या, विद्यार्थ्यांची आठवण काढली. आणि हेही लेकीला सांगा, की दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळायच्याही आधी. तिला हे बहुधा ठाऊक नसेल. आई-बाबांकडून कळलं तर चांगलंच.

आता या लढ्यांचा वेग बघा. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी कोळसा-तेलाच्या कंपन्यांतून पैसे काढायची मागणी २०१२ मध्ये लावून धरली. विद्यापीठानं ती मान्य केल्यासारखं पत्रक काढलं २०२१ च्या सप्टेंबरात. सुरुवात करणारी मुलं तोवर कधीच पदवी घेऊन बाहेर पडली होती. ब्राऊन विद्यापीठात २०२४ च्या वसंतात मुलांनी निषेधाचे तंबू आवरले ते या कबुलीवर, की विश्वस्त त्यांच्या गुंतवणूक काढण्याच्या प्रस्तावावर मतदान घेतील. मतदान ऑक्टोबरात झालं आणि प्रस्ताव फेटाळला गेला. उलट डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याच वर्षी मे महिन्यात अशाच आंदोलनात थोड्याच दिवसांत तडजोड झाली. म्हणजे तुमची लेक जिंकेल की हरेल हे कुणी सांगू शकत नाही, पण ती तिथे असेपर्यंत निकाल लागायची शक्यता कमी. हे तिला माहीत असू द्या. एका सेमिस्टरमध्ये सगळं साधायचं या घाईतच मुलं नको ते धाडस करून बसतात.

तुमचे यजमान बँकेच्या आयटीत आहेत असं लिहिलंत. मग या कामात घरातला सगळ्यात उपयोगी माणूस तेच आहेत. विद्यापीठ सरकारी आहे, त्यामुळे राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करून गुंतवणुकीची माहिती मागता येते. आपल्या माहितीच्या अधिकाराचाच तो भाऊबंद. पण हाती येतो तो अहवाल वाचणं सोपं नसतं. थेट घेतलेले शेअर थोडे असतात. बाकीचा पैसा बाहेरच्या व्यवस्थापकांच्या फंडांत, इंडेक्स फंडांत, खासगी इक्विटीत मिसळलेला असतो आणि त्यात कुठल्या कंपनीचा किती वाटा आहे हे वरवर दिसत नाही. मोहिमा बहुतेक वेळा इथेच अडतात. घोषणा 'सगळं काढून घ्या' अशी असते आणि विश्वस्त शांतपणे विचारतात, "नेमकं काय काढून घ्यायचं?" त्यावर मुलांकडे उत्तर नसतं. बाबांनी लेकीबरोबर एक शनिवार बसून तो अहवाल वाचावा. थेट शेअर कोणते, फंड कोणते, कोणता करार कधी संपतो, नवी गुंतवणूक न करण्याचा ठराव आधी मागता येईल का. अशा चार गोष्टी कागदावर आल्या, की समितीपुढे बोलताना तिचा आवाज आपोआप खाली येईल आणि लोक ऐकायला लागतील.

तिच्याशी वादही घाला, जरूर घाला. आपण शेअर विकले तर ते दुसरा कुणी विकत घेणार, कंपनीला काय फरक पडला? या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे हवं. खरं सांगायचं तर पैशाचा फटका लगेच बसत नाही. फरक पडतो तो हळूहळू, कंपनीशी नाव जोडून घ्यायला लोक कचरतात तेव्हा. ओडिशातल्या नियमगिरीवर वेदांताला बॉक्साइटची खाण हवी होती, तेव्हा २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं आपले वेदांताचे शेअर विकून टाकले. खाण काही त्यानं थांबली नाही. ती थांबली डोंगरिया कोंध आदिवासींमुळे. सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि २०१३ मध्ये सगळ्या, म्हणजे बाराही, ग्रामसभांनी नकार दिला. पण लंडनमधल्या त्या विक्रीमुळे एका डोंगराचं नाव जगाला कळलं. या उदाहरणातली दोन्ही टोकं तिच्यापुढे ठेवा.

विश्वस्त आणखी एक मुद्दा काढतील, की निधी सांभाळणं हे आमचं कायदेशीर कर्तव्य आहे, तो राजकारणासाठी वापरता येत नाही. हा मुद्दा पोकळ नाही. त्याच निधीतून कुणा गरीब मुलाची फी भरली जाते. तिनं याला तुच्छतेनं उडवून लावलं, तर तिथे तिला टोका.

आता व्हिसा. इथे मी काही गुळमुळीत लिहिणार नाही.

२०२५ पासून अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांसाठी हवा पालटली आहे. आंदोलनांत दिसलेल्या काही विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना ताब्यात घेतलं गेलं. कोलंबियात पीएच.डी. करणारी एक भारतीय मुलगी व्हिसा रद्द झाल्यावर मार्च २०२५ मध्ये कॅनडाला निघून गेली. त्याच वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी यंत्रणेतून अचानक काढून टाकल्या गेल्या. त्यांतल्या काहींवर जेमतेम वाहतुकीच्या गुन्ह्याची नोंद होती. न्यायालयांनी दखल घेतल्यावर बऱ्याच नोंदी परत आल्या, पण मधले दिवस त्या मुलांनी कसे काढले असतील! जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात, आणि डिसेंबरपासून एच-वन (नोकरीचा व्हिसा) व एच-फोरवाल्यांनाही. विषयावरही बरंच अवलंबून असतं. कोळशाविरुद्धचा फलक आणि गाझातल्या युद्धाशी जोडलेला फलक, दोन्हींकडे एकाच नजरेनं बघितलं जात नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं. पण तो आहे हे धरूनच तुमच्या लेकीला चालावं लागेल. तिच्या शेजारी बसलेल्या अमेरिकन मैत्रिणीला दंड भरून घरी जाता येईल. तिचं तसं नाही.

म्हणून रेघ स्पष्ट आखा, आणि ती तिच्याबरोबर बसून आखा. अहवाल वाचणं, निवेदन लिहिणं, माजी विद्यार्थ्यांना गाठणं, विद्यार्थी परिषदेत ठराव मांडायला मदत करणं, विश्वस्तांच्या समितीपुढे वेळ घेऊन बोलणं, या कामांत धोका कमी आहे. अजिबात नाही असं मात्र म्हणवत नाही. इमारतीत घुसून बसणं, पोलिसांनी पांगायला सांगितल्यावरही जागा न सोडणं, तंबूत रात्र काढणं, हे तिनं करू नये. अटक झाली आणि खटला न चालता ती सुटली तरी पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न येतो आणि त्याला खरं उत्तरच द्यावं लागतं. विद्यापीठानं निलंबित केलं तर एफ-वनवर पूर्ण वेळ शिकत असण्याची अटच मोडते. हे तिच्या गटातल्या मुलांनाही सांगायला हवं. चांगल्या मोहिमेत कोण कुठला धोका पत्करू शकतो याची विचारपूस आधी होते, आणि परदेशी मुलांना कागदाचं काम देण्यात कुणी कमीपणा मानत नाही.

घाबरून जुन्या पोस्ट भराभर पुसायला मात्र लावू नका. अर्जात गेल्या पाच वर्षांतली खाती विचारतात, आणि लपवाछपवी उघडी पडली तर ती जास्त महागात पडते. काय ठेवायचं, काय नाही, हे इमिग्रेशन वकिलाला विचारून ठरवा. स्थितिबदलाचा, म्हणजे एच-फोरवरून एफ-वनवर जाण्याचा, अर्ज तुमच्याच वकिलामार्फत जाणार असेल, तर लेकीला त्या भेटीला बरोबर न्या आणि आपण काय काय करते ते तिलाच सांगू द्या. तुम्ही बाजूला बसा. वकिलानं घातलेली मर्यादा ती ऐकेल. तीच तुम्ही घातली तर तुमचा धाक वाटेल.

राहिले आजोबा. त्यांना वाटतंय की नात वाया गेली. लेकीनं स्वतः फोन करावा, मराठीत, आणि निधी म्हणजे काय इथपासून सांगावं. आजोबा नेरूळचे आहेत, त्यांना आंदोलन काय असतं हे शिकवायला नको. १९८४ च्या जानेवारीत नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी उरणजवळच्या जासईला गोळीबारात माणसं गेली आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना मिळाली, हे नवी मुंबईत त्या पिढीतल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येईनासं झालं, फ्लेमिंगो मेले, तेव्हा सीवूड्स-नेरूळची किती निवृत्त माणसं हातात पुठ्ठ्याचे फलक घेऊन कडेला उभी होती! सकाळच्या फेरफटक्याचे बूट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेली दोन वाक्यं. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत तो तलाव राखीव करायला मंजुरी मिळाली. आजोबा तिथे गेले होते की नाही मला माहीत नाही. पण त्यांच्या इमारतीतलं कुणीतरी नक्की गेलं असेल. तिनं त्याबद्दल त्यांना विचारावं, संभाषण सुरू व्हायला तेवढं पुरेल.

आणि ताई, नातेवाइकांच्या ग्रुपवरून तो फोटो काढून टाकायला सांगा, आजच. मुलीच्या तोंडासकट, विद्यापीठाच्या नावासकट असा फोटो कुठून कुठे फिरेल याचा नेम नाही, आणि काकांना-मामांना ते सांगणं हे तुमचं काम आहे, तिचं नव्हे.

दिवाळीला तिला नेरूळला पाठवायचा बेत आहे, असं तुम्ही लिहिलंय. तोवर एफ-वन तिथल्या तिथे अर्ज करून मिळवला असला, तरी देशाबाहेर पडल्यावर परतताना मुंबईत बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊन शिक्का घ्यावाच लागेल. तिथे प्रश्न विचारले जातील आणि निकाल कधी मिळेल याचा भरवसा नाही. त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. आजी-आजोबांकडे दहा वर्षांचा व्हिसा आहेच. यंदा चकल्या-चिवड्याचे डबे घेऊन त्यांनाच तिकडे बोलवा.