मुलाचा हात फ्रॅक्चर आहे, प्लास्टर घातलंय, पण तिकिटं आधीच काढलेली आहेत. थीम पार्कला न्यावं का? कोणत्या राइड्स चालतील?

न्या. घरी ठेवून जाऊ नका. राइड्सचं पुढे सांगते, आधी आमचं सांगते, कारण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात निघाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

आम्ही सोलापूरचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आणि माझे थोरले दीर, अशी दोन्ही कुटुंबं मिळून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरलं होतं. तिकिटं काढली, गाडी ठरवली आणि निघायला बारा दिवस असताना माझी सात वर्षांची मुलगी सायकलवरून पडली. डावं मनगट. हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूनं तडकलं होतं, जागेवरून हललं नव्हतं. पाच आठवडे प्लास्टर.

जाऊबाई लगेच म्हणाल्या, तिला आजीजवळ ठेवू, बाकीच्या पोरांचा विरस कशाला? बाकीची पोरं म्हणजे त्यांची दोन. मी नाही म्हटलं. उन्हाळ्यापासून जी पोरगी दिवस मोजत होती, तिला टीव्हीसमोर बसवून आपण गाडीत बसायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फिरायला न्या, पण हादरे देणाऱ्या कशावर चढवू नका.

सोलापूरहून खोपोली सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. हात खाली लोंबकळत राहिला की बोटं सुजतात, म्हणून दोन सोलापुरी चादरींच्या घड्या तिच्या मांडीवर रचल्या आणि हात त्यावर, छातीच्या उंचीला ठेवला. टेंभुर्णी, भिगवण, जिथं थांबलो तिथं बोटं हलवून घेतली. प्रवासाचा त्रास म्हणाल तर काहीच झाला नाही.

त्रास झाला तो रांगेत. पोरांच्या छोट्या रोलर कोस्टरला पाऊण तास उभे होतो. मी आणि ती नुसत्या सोबतीला, तिच्या भावंडांना बसवून बाहेर पडणार होतो. नंबर जवळ आल्यावर भावजींनी अंगातलं जॅकेट काढून तिच्या खांद्यावर टाकलं आणि बाही प्लास्टरवर ओढली. "बस गं तू पण. हात मोडलाय, पाय नाही." गेटवरच्या मुलानं बघितलंच. प्लास्टर असेल तर बसवता येत नाही, असं तो नीट शब्दांत म्हणाला. भावजी ऐकेनात. "आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत याच्या दुप्पट उंच पाळण्यात बसतात पोरं, कोण विचारत नाही. लिहून देतो, जबाबदारी माझी." मागची रांग कुरकुरायला लागली. पोरगी एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी जॅकेट काढून भावजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, "भावजी, तो बरोबर सांगतोय. आम्ही बाहेर थांबतो."

चारचौघांत अपमान केला, असं ते आजही म्हणतात. यंदा संक्रांतीला सगळे गड्ड्यात गेलो, तिथं होम मैदानावर पाळण्यासमोर उभं राहून परत तोच विषय काढला. म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मांडीवरचा दांडा पोराला फक्त खाली दाबून धरतो. वळणावर अंग एका बाजूला फेकलं जातं, तेव्हा तोल दोन्ही हातांनी सांभाळायचा असतो. एकच हात असेल तर पोर घाबरून मोडलेल्याच हातानं पकडायला जातं. शिवाय ते प्लास्टर म्हणजे दगड, स्वतःच्या तोंडावर बसेल नाहीतर शेजारच्या लेकराच्या. गळ्यातली झोळी अडकायची भीती वेगळीच. आणि आतलं हाड सरकलं तर वरून काही दिसत नाही. पुन्हा एक्स-रे, कदाचित भूल देऊन हाड बसवणं. त्यातलं नक्की काय भावजी लिहून देणार होते? कळ तर पोरीलाच सोसायची होती.

त्याहून मला लागलं ते वेगळंच. रात्री झोपताना तिनं विचारलं, "मम्मी, हात लपवायचा होता का?" तिनं काही चूक केली नव्हती. पाऊण तास रांगेत उभं राहून तिच्या वाट्याला एवढंच आलं.

बाकीचा दिवस तिचा चांगला गेला. घोड्यांच्या चक्रावर मी तिला धरून उभी राहिले, बसून बघायचे खेळ बघितले, संध्याकाळी परेडला सगळ्यांत पुढची जागा तिला मिळाली. पुढं कुठं जायचं हे दिवसभर तिनंच ठरवायचं, असं मी सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. भावंडांनी ते पाळलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हळू फिरणारं, हादरे न देणारं, तुम्ही शेजारी धरून बसू किंवा उभं राहू शकाल असं जे असेल ते. तरी प्रत्येक ठिकाणी गेटवर आधी विचारा आणि नाही म्हटलं की निघा. पाण्याच्या राइड्स आणि रेन डान्स नाहीच. पिशवी बांधली तरी आत पाणी जातं. फायबरचं प्लास्टर असलं तरी आत साधारण कापूसच असतो, तो भिजला की कातडी खराब होते. खाजवायला आत पेन्सिल घालू देऊ नका. बोटं निळी, गार किंवा बधिर वाटली, किंवा दुखणं वाढतच गेलं, तर पार्क तिथंच सोडून दवाखाना गाठा.

हे सगळं मनगटाच्या साध्या फ्रॅक्चरचं झालं. तुम्ही हात कुठं मोडलाय ते लिहिलेलं नाही. कोपराजवळ असेल, तारा घातल्या असतील किंवा प्लास्टर घालून आठवडाही झाला नसेल, तर वरचं सगळं विसरा आणि तिकिटांची तारीख बदलून मिळते का ते आजच फोन करून विचारा.